कच्च्या रस्त्याची गुणपत्रिका

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यातील खेड्यापाड्यांतून एक मागणी दरवर्षी ऐकू येते : सणापूर्वी रस्ते दुरुस्त करा. मुख्य रस्त्यांवरील खड्ड्यांची चर्चा विधानसभेपर्यंत पोहोचते; परंतु सत्तरी, सांगे, धारबांदोडा, काणकोण या तालुक्यांत शेवटच्या वाड्यापर्यंत किंवा कुळागरापर्यंत जाणारा मातीचा रस्ता त्या चर्चेत क्वचितच येतो. तेथे फार तर एखाद-दुसरा ट्रक मुरूम येतो, खड्ड्यांत ओतला जातो आणि भाद्रपदातील दोन जोरदार सरींनंतर लाल गाळ होऊन शेजारच्या व्हाळात उतरतो. पुढच्या वर्षी तोच रस्ता, तेच खड्डे आणि तसाच ट्रक.

या चक्रात पैसा खर्च होत नाही असे नाही. तो निदान न करता खर्च होतो, हे खरे दुखणे आहे. रस्ता कोठे बिघडला, किती बिघडला आणि मुख्य म्हणजे कशामुळे बिघडला, याची नोंद कोठेच नसते. त्यामुळे कोणत्या वाड्याचा रस्ता आधी हाती घ्यायचा, हे ज्याचा आवाज मोठा त्यावर ठरते. पावसाळ्याच्या रात्री रुग्णाला घेऊन निघालेली गाडी कोणत्या वळणावर रुतते, हे गावाला माहीत असते. खात्याच्या कागदावर मात्र ते वळण नसते.

कच्च्या रस्त्याची अवस्था मोजता येते आणि ती अंकांत मांडता येते. त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत. मोजपट्टी, सहा-सात फुटांची सरळ पट्टी, पाणसळ, एक वही आणि दोन माणसे एवढ्यावर हे काम होते. जगात गेल्या चार दशकांत यासाठी ज्या पद्धती घडल्या, त्या समजून घेण्यासारख्या आहेत.

डांबरी रस्त्याहून निराळा स्वभाव

डांबरी रस्ता हळूहळू म्हातारा होतो. आधी बारीक भेगा पडतात, मग त्या रुंदावतात, पाणी आत शिरते आणि काही वर्षांनी खड्डे दिसू लागतात. कच्च्या रस्त्याचे तसे नाही. सकाळी बरा असलेला रस्ता एका मुसळधार पावसानंतर संध्याकाळी निकामी होऊ शकतो. उलट ग्रेडरने एकदा नीट तासून काढला, तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चांगला दिसतो. म्हणून ‘आज रस्ता कसा दिसतो’ एवढाच प्रश्न विचारला तर उत्तर फसवे मिळते. ‘पुढच्या पावसात हा रस्ता टिकेल का’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो आणि त्याचे उत्तर पृष्ठभागापेक्षा रस्त्याच्या आकारात व गटारांत दडलेले असते.

गोव्यात हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. किनारपट्टीवर वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, सह्याद्रीच्या बाजूला त्याहूनही अधिक, आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेल्या काळात तीच तांबडी माती कोरडी होऊन धुळीच्या रूपाने घरांच्या भिंतींवर आणि काजूच्या पानांवर बसते. एकाच रस्त्याला चार महिने चिखलाशी आणि आठ महिने धुळीशी झुंजावे लागते. कुळे येथून दूधसागरकडे जाणारा जंगलातील जीपमार्ग पावसाळ्यात बंद ठेवला जातो आणि पाऊस सरल्यावर पुन्हा खुला होतो. पर्यटनाचा मार्ग असा काही महिने बंद ठेवता येतो. वस्तीचा रस्ता बंद ठेवता येत नाही.

सात दोषांची यादी

कच्च्या रस्त्यांच्या मूल्यमापनाची बहुधा सर्वांत शिस्तबद्ध पद्धत अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने विकसित केली. न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर येथे या दलाची शीतप्रदेशांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तेथे १९८०च्या दशकात रॉबर्ट ईटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कच्च्या रस्त्याला शून्य ते शंभर असे गुण देण्याची रीत तयार केली. पुढे १९९५मध्ये ती लष्कराच्या तांत्रिक पुस्तिकेत समाविष्ट झाली. हिमप्रदेशात जन्मलेली पद्धत गोव्याला काय कामाची, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु त्या प्रदेशातही वसंतात बर्फ वितळले की मातीचे रस्ते चिखलात बुडतात. शत्रू दोन्हीकडे एकच आहे : पाणी.

या पद्धतीत सात दोष पाहिले जातात. त्यांचा क्रमही विचार करण्यासारखा आहे.

पहिला दोष म्हणजे रस्त्याचा बिघडलेला आडवा आकार. कच्चा रस्ता मध्यभागी उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता हवा. घराच्या छपरासारखा, पण अगदी हलका उतार असलेला. भारतीय रस्ते काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांविषयीच्या पुस्तिकेत अधिक पावसाच्या भागातील मुरमाच्या रस्त्याला चार टक्के आणि निव्वळ मातीच्या रस्त्याला पाच टक्के उतार सुचवला आहे. पावणेचार मीटर रुंदीच्या मुरमाच्या रस्त्याचा मध्य त्यानुसार कडेपेक्षा साधारण साडेसात सेंटीमीटर उंच असायला हवा. मध्यावर पाणसळ लावून दोरी ताणली तर कोणत्याही ग्रामस्थाला हे पाच मिनिटांत तपासता येते. रस्ता सपाट असेल तर दोष सौम्य, बशीसारखा खोलगट झाला असेल तर मध्यम आणि पाण्याची मोठी डबकी साचत असतील तर तीव्र मानला जातो.

दुसरा दोष गटारांचा. बाजूचे गटार झाडोऱ्याने वा मातीने बुजलेले आहे का, त्याने रस्त्याची कड कापायला सुरुवात केली आहे का, की गटारच नसल्यामुळे पाणी रस्त्यावरून आडवे-उभे वाहते, हे पाहिले जाते. दोन्ही बाजूंची गटारे स्वतंत्र मोजायची असल्याने साठ मीटरच्या तुकड्यात हा दोष जास्तीत जास्त १२० मीटर लांबीचा असू शकतो.

तिसरा दोष आडव्या लाटांचा. पन्हाळी पत्र्यावरून गाडी चालल्यासारखा जो खडखडाट होतो, तो यांचाच. लाटांची खोली अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर दोष सौम्य, साडेसात सेंटीमीटरपर्यंत मध्यम आणि त्यापुढे तीव्र. या लाटा वाहनांच्या स्प्रिंगमुळे पडतात, असा समज बराच काळ होता. निकोला ताबरले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकएल्वेन या संशोधकांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाळूच्या थरावर एक साधे चाक फिरवले. स्प्रिंग नसतानाही, ठरावीक वेगाच्या पुढे लाटा उमटतातच, असे त्यांना आढळले. सुटा, कोरडा थर आणि वेग एकत्र आले की लाटा येणारच. म्हणून उन्हाळ्यात चढणीवर आणि वळणांजवळ, जेथे चालक वेग वाढवतात किंवा ब्रेक दाबतात, तेथे त्या प्रथम दिसतात.

चौथा दोष धुळीचा, पाचवा खड्ड्यांचा, सहावा चाकोऱ्यांचा आणि सातवा सुट्या खडीचा. धूळ पातळ असून समोरचे दिसत असेल तर ती सौम्य. दाट होऊन वाहनांना वेग कमी करावा लागत असेल तर मध्यम. समोरचे दिसेनासे होऊन वाहने जवळपास थांबत असतील तर तीव्र. खड्डे मोजून त्यांची खोली आणि व्यास नोंदवायचा. सुमारे ९० सेंटीमीटरपेक्षा रुंद खड्डा एकच न धरता त्याच्या क्षेत्रफळावरून तो किती खड्ड्यांच्या बरोबरीचा आहे, हे काढायचे. चाकोऱ्यांची खोली लाटांप्रमाणेच तीन पायऱ्यांत मोजायची. वाहनांच्या चाकांनी कडेला उडालेली खडी रांग करून साचते; त्या रांगेची उंची पाहायची.

या यादीत धोंडे आणि खड्डे सर्वांत वर नाहीत, याकडे लक्ष द्यायला हवे. लोकांना खड्डा दिसतो, पण खड्डा हे बहुतेक वेळा लक्षण असते. आकार सपाट झाला की पाणी थांबते, पाणी थांबले की मुरूम मऊ होतो, मऊ मुरूम चाकाखाली उसवतो आणि मग खड्डा पडतो. खड्ड्यात ओतलेला मुरूम वाहून जातो, कारण पाण्याची वाट तशीच राहिलेली असते.

शंभरातून वजाबाकी

सगळा रस्ता इंच-इंच मोजणे शक्य नसते आणि आवश्यकही नसते. प्रथम रस्त्याचे विभाग पाडले जातात. जेथे रुंदी, मुरूम, वाहतूक किंवा निचऱ्याची स्थिती बदलते तेथे नवा विभाग. प्रत्येक विभागातून प्रातिनिधिक तुकडा निवडायचा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २३० चौरस मीटर असावे, असा संकेत आहे. पावणेचार मीटर रुंदीच्या रस्त्यावर हा तुकडा साधारण साठ मीटर लांबीचा होतो. तेथे एखादी खूण करून ठेवली की दरवर्षी त्याच जागेची तपासणी करता येते आणि तुलना शक्य होते.

समजा, अशा २२५ चौरस मीटरच्या तुकड्यात ४० चौरस मीटर भागावर पाच सेंटीमीटर खोल चाकोऱ्या आहेत. म्हणजे मध्यम तीव्रतेचा हा दोष जवळपास १८ टक्के क्षेत्रावर पसरलेला आहे. तीव्रता आणि व्याप्ती या दोन्हींवरून तयार आलेखात पाहून किती गुण वजा करायचे ते ठरते. असे प्रत्येक दोषासाठी करायचे. अपवाद धुळीचा, तिला व्याप्ती नसते, म्हणून सौम्य धुळीसाठी २, मध्यमसाठी ४ आणि तीव्र धुळीसाठी १५ गुण थेट वजा होतात.

पुढची पायरी शहाणपणाची आहे. सगळी वजाबाकी शंभरातून सरळ केली, तर चार-पाच दोष असलेला रस्ता प्रत्यक्षापेक्षा फारच वाईट ठरेल. कारण दोष एकमेकांत गुंतलेले असतात; सपाट आकार, डबके आणि चाकोरी हे अनेकदा एकाच दुखण्याचे तीन चेहरे असतात. म्हणून ज्यांची वजाबाकी पाच गुणांहून अधिक आहे असे दोष किती, हे मोजून एका दुसऱ्या आलेखावरून अंतिम अंक काढला जातो. ८५च्या वर उत्कृष्ट, ७० ते ८५ अतिशय चांगला, ५५ ते ७० चांगला, ४० ते ५५ बरा, २५ ते ४० खराब, १० ते २५ अतिशय खराब आणि त्याखाली निकामी, अशी प्रतवारी आहे.

अशी सविस्तर मोजणी वर्षातून एकदा पुरते. मात्र दर ऋतूत एकदा, म्हणजे वर्षातून चार वेळा, ताशी सुमारे ४० किलोमीटर वेगाने गाडीतून फेरी मारून दिसणारे बिघाड टिपावेत, असेही ही पद्धत सांगते. गोव्यासाठी ऋतूंची ही वाटणी थोडी बदलावी लागेल. मे महिन्यात गटारे व मोऱ्या पाहण्यासाठी एक फेरी, जुलैच्या भर पावसात पाणी नेमके कोठून वाहते हे पाहण्यासाठी दुसरी आणि ऑक्टोबरमध्ये नुकसान मोजण्यासाठी तिसरी. यांतील जुलैची फेरी सर्वांत त्रासदायक आणि सर्वांत बोलकी असते.

सोप्या पद्धती, वेगळा भर

एवढी मोजमापे ज्या ग्रामसंस्थेला झेपत नाहीत, तिच्यासाठी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या वाहतूक माहिती केंद्राने एक ते पाच गुणांची सुटसुटीत पद्धत प्रचारात आणली. तिचा युक्तिवाद असा की लाटा, धूळ, खड्डे हे आज असतात, उद्या नसतात. त्यांच्यावर गुण अवलंबून ठेवू नयेत. त्याऐवजी आडवा उतार पुरेसा आहे का, निचरा होतो का आणि मुरमाचा थर पुरेसा जाड आहे का, या तीन गोष्टींवर मुख्य भर द्यावा. प्रशिक्षित माणूस गाडीतून जाता-जाता हे गुण देऊ शकतो.

दक्षिण आफ्रिकेत २००० साली दृश्य तपासणीसाठी प्रमाणित पुस्तिका तयार झाली. तिच्यात प्रत्येक दोषाला दोन अंक दिले जातात : तो किती तीव्र आणि किती पसरलेला. एकाच ठिकाणी पडलेला मोठा खड्डा आणि सगळ्या रस्त्यावर विखुरलेले लहान खड्डे यांत त्यामुळे गल्लत होत नाही. पहिल्यासाठी दोन मजुरांचे दिवसभराचे काम पुरते. दुसऱ्यासाठी संपूर्ण रस्ता पुन्हा तासावा लागतो.

मुरूम कसला आहे?

दक्षिण आफ्रिकेचे आणखी एक मोलाचे योगदान मुरमाच्या निवडीविषयी आहे. तेथील फिल पेज-ग्रीन यांच्या संशोधनावर आधारित निकषांत दोन गोष्टी तपासल्या जातात. पहिली, मातीत चिकटपणा किती. ओल्या मातीची पट्टी साच्यात भरून वाळवली की ती किती आखडते, यावरून तो कळतो. या आखडण्याच्या टक्केवारीला मुरमातील बारीक कणांच्या टक्केवारीने गुणल्यावर येणारा अंक साधारण १०० ते ३६५ या दरम्यान हवा. दुसरी गोष्ट, जाड-बारीक कणांचे मिश्रण. तिचा निर्देशांक १६ ते ३४ च्या दरम्यान असावा.

आकडे बाजूला ठेवले तरी त्यांतील तत्त्व सहज समजते. चिकण माती फार झाली तर पावसात रस्ता निसरडा होतो. ती फार कमी असेल तर खडीला धरून ठेवणारे काही उरत नाही, उन्हाळ्यात लाटा पडतात आणि खडी सुटते. कण सगळे बारीकच असतील तर पाणी त्यांना धुऊन नेते. जांभ्या दगडाच्या प्रदेशात एकाच टेकडीच्या दोन बाजूंचा मुरूम निराळा निघू शकतो. ‘जवळ मिळाला म्हणून’ टाकलेला मुरूम स्वस्त पडतो की महाग, हे पहिल्या पावसानंतर ठरते.

याला पर्यावरणाचीही एक बाजू आहे. एक किलोमीटर लांब आणि पावणेचार मीटर रुंद रस्त्यावरून केवळ दोन सेंटीमीटर जाडीचा थर नाहीसा झाला, तर ७५ घनमीटर मुरूम गेला. पाच घनमीटर मावणाऱ्या टिप्परच्या त्या १५ खेपा होतात. हा मुरूम कोणत्या तरी टेकडीतून आलेला असतो आणि कोणत्या तरी व्हाळात, शेतात गेलेला असतो. डोंगरकापणीवरून अस्वस्थ असलेल्या राज्यात रस्त्यावरचा मुरूम रस्त्यावरच टिकवणे हा केवळ बांधकामाचा प्रश्न उरत नाही.

मोबाइल सांगतो काय, सांगत नाही काय

अलीकडे गाडीत ठेवलेल्या मोबाइलमधील हादरे टिपणाऱ्या संवेदकावरून रस्त्याचा खडबडीतपणा काढता येतो. त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय निर्देशांकाचा पाया जागतिक बँकेच्या पुढाकाराने १९८२मध्ये ब्राझीलमध्ये झालेल्या प्रयोगांतून घातला गेला. अमेरिकेत मिशिगन येथील संशोधकांनी ड्रोनच्या छायाचित्रांवरून खड्डे, चाकोऱ्या आणि आडवा उतार मोजण्याचे प्रयोगही केले आहेत. लांबच लांब रस्त्यांचे जाळे असेल तेथे ही साधने वेळ वाचवतात. परंतु हादरा हे परिणामाचे माप आहे. गाडी आपटली एवढे मोबाइल सांगतो; शंभर पावलांवर मोरी तुंबली आहे, हे तो सांगत नाही. त्यासाठी कोणाला तरी गाडीतून उतरून गटारात डोकवावेच लागते.

गुणांकडून कामाकडे

गुण देणे हा शेवट नव्हे. त्यांचा उपयोग तीन निर्णयांसाठी होतो. पहिला, क्रम. रस्त्याचे गुण आणि त्यावरील वर्दळ एकत्र मांडली की कोणता रस्ता आधी घ्यायचा हे उघड होते. शाळेची बस, दुधाची गाडी, आरोग्य केंद्राचा मार्ग यांचेही वजन त्यात धरता येते. दुसरा, काम कोणते. पन्नास गुणांचे दोन रस्ते सारखे नसतात. एकाचे गुण धूळ आणि सुट्या खडीमुळे गेले असतील, दुसऱ्याचे निचऱ्यामुळे. पहिला आणखी एक वर्ष थांबू शकतो. दुसरा पुढच्या पावसाळ्यात निकामी होण्याची शक्यता मोठी. म्हणून केवळ अंक पुढे न पाठवता त्यामागची दोषांची यादीही सोबत ठेवावी लागते.

तिसरा निर्णय वेळेचा. कोरड्या मे महिन्यात ग्रेडर फिरवला तर बारीक माती उडून जाते आणि खडी सुटी पडते. मुरमात ओलावा असताना, म्हणजे पाऊस ओसरता-ओसरता, तासणी आणि दाबणी केली तर थर घट्ट बसतो. लाटा घालवायच्या असतील तर त्यांच्या तळापर्यंत तासावे लागते. वरवर भरून घेतल्या तर त्या लवकरच पुन्हा उमटतात. गटारे मात्र पाऊस सुरू होण्याआधीच मोकळी हवीत. हे वेळापत्रक आणि निविदांचे वेळापत्रक जुळत नाही, ही अडचण जुनीच आहे.

कच्च्या रस्त्यावर उपाय एकच, हॉटमिक्सिंग, असे अनेकांना वाटते. वर्दळ पुरेशी असेल तर ते योग्यही असते. पण ज्या रस्त्याला उतार नाही आणि गटार नाही, त्यावर डांबर ओतल्याने पाणी नाहीसे होत नाही. ते कडेने खाली शिरते आणि दोन-तीन पावसाळ्यांत डांबराखालचा थरच बसतो. मग दुरुस्तीचा खर्च मातीच्या रस्त्याहून कितीतरी पटींनी वाढतो. डांबरीकरणाच्या प्रस्तावासोबतही निचऱ्याची गुणपत्रिका जोडली गेली पाहिजे, ती यासाठी.

भारतात या कामासाठी शास्त्र उपलब्ध नाही, असे म्हणता येणार नाही. पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर २०००मध्ये सुरू झाली. तिच्यात रस्ता बांधणाऱ्या कंत्राटदारावरच पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी टाकण्यात आली. भारतीय रस्ते काँग्रेसने २००८मध्ये मुरमाच्या रस्त्यांची रचना, बांधणी आणि देखभाल यांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. पुस्तिका कपाटात असते आणि रस्ता गावात. दोघांची गाठ घालणारी तपासणी तेवढी राहून जाते.

ती सुरू करण्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. पंचायतीच्या हद्दीतील कच्च्या रस्त्यांची यादी, प्रत्येकाचे एक पान, त्यावर सात दोष आणि तारीख, एवढी वही ग्रामसभेपुढे आली तरी चर्चेचा सूर बदलतो. ‘आमच्या वाड्याकडे दुर्लक्ष होते’ या तक्रारीच्या जागी ‘आमच्या रस्त्याचे गुण तीन वर्षांत साठावरून पस्तीसवर आले आणि कारण एक तुंबलेली मोरी आहे’ असे विधान येते. पहिल्याला आश्वासन देऊन वाटेला लावता येते. दुसऱ्याला उत्तर द्यावे लागते, आणि त्या उत्तराची सुरुवात मोरी साफ करण्यापासून होते.